मनूची जागा

शेहेचाळीस सालचा जानेवारी. साताऱ्याहून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं मी माणदेशाकडं निघाले होते. मांडीवर नवऱ्याचा घडीचा कॅमेरा, पिशवीत फिल्मचे रोल आणि दोन दशम्या. काम साधंच होतं. फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत यायचं.

कुणाचे फोटो आणि कशाला, ते आधी सांगते. आम्ही तेव्हा आफ्रिकेत मोंबाशाला राहायचो. माझे यजमान, आदगोंडा, तिथं बंदराच्या कचेरीत कारकून होते. सातारा-सांगलीकडची चाळीसेक कुटुंबं तिथं होती, कुणी गोदीत, कुणी रेल्वेत. लढाईच्या सहा वर्षांत एकालाही घरी जाता आलं नव्हतं. पोरं तिकडंच जन्मली, तिकडंच वाढली. एकदा शेजारच्या पोरीनं मला विचारलं, "मावशी, आपल्या गावाला समुद्र कुठल्या बाजूला असतो?" त्याच आठवड्यात तिथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत मी उठून म्हटलं, गावाकडच्या माणसांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवू या. सगळ्यांनी माना डोलावल्या. लढाई संपली, आईच्या डोळ्यांसाठी मला सांगलीला यायला मिळालं, आणि काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे मीच ते ओढून घेतलं.

माझे मामा, तात्यासाहेब, यांना ते पसंत नव्हतं. "गुणा, पाटलाच्या घरची सून तू. कॅमेरा घेऊन गावोगाव हिंडणार?"

"पाटलाची सून म्हणूनच. मला अडवणार कोण?" मी म्हटलं. मामा मोटारीच्या अड्ड्यावर सोडायला आले नाहीत.

गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना अजून तिथंच राहायचं आहे. खडकाळ रान, मेंढरांचे वाडे, चालताना लुगड्याला चिकटणारी कुसळं. बाप्ये बहुतेक मुंबईला गिरणीत. म्हणून मी बायकांचाच फोटो घ्यायचं ठरवलं. रंगूबाई नावाची पन्नाशीची बाई होती, कपाळावर गोंदण, आवाज बसका. तिनं बायका गोळा केल्या आणि बिरोबाच्या देवळाच्या दगडी भिंतीपुढं ओळीनं उभ्या केल्या.

"आफ्रिकंत आमचं फोटू कोन बगनार?" एकीनं विचारलं.

"तुमची माणसंच बघतील," मी म्हटलं. "जरा जवळ सरका. मध्ये फट पडलीय."

कुणी हललं नाही.

"ती फट न्हाई, बाई," रंगूबाई म्हणाली. "ती मनूची जागा हाय."

"मग बोलवा की त्यांना. मी थांबते."

"ती येनार न्हाई. तुमी काडा."

मी वरून कॅमेऱ्याच्या काचेत पाहिलं. तेरा बायका, आणि मधोमध एका माणसाएवढी जागा. दोन्ही बाजूंच्या बायकांनी आपली कोपरं आवरून घेतली होती, गर्दीत शेजारच्या माणसाला लागू नये म्हणून घेतो तशी. मी फोटो काढला.

नंतर तिच्या अंगणात गुळाचा चहा पिताना रंगूबाईनं सांगितलं. तिच्या आवाजात रडणं नव्हतं.

"बेचाळीसच्या भादव्यात आमी कचेरीवर गेलो हुतो. म्होरं मनूबाई, तिच्या हातात झेंडा. गोळी घातली. मनू पडली. पोलिसांनी तिला उचलून मोटारीत घातलं ती आजपातुर दावली न्हाई. आमी इचाराया गेलो तवा फौजदारानं कागद वाचून दावला. जमावात बाईमानूस न्हवतंच, म्हनं. एक बी."

"मग?"

"मग काय. मढं न्हाई, माती न्हाई, दहावं न्हाई. त्यांनी न्हवती म्हनून लिव्हलं. आमी हाय म्हनतो. तवापास्नं जिथं आमची रांग, तिथं तिची जागा. पंगतीला, खुरपायला, लग्नाच्या मांडवात." तिनं माझ्या पिशवीतल्या कॅमेऱ्याकडं बोट केलं. "फोटू बारका करायचा आसंल तर कडंच्या आमाला कापा. ती जागा कापू नगा."

मी शब्द दिला.

साताऱ्यात केरबाचा स्टुडिओ होता. चौदा वर्षं पलटणीत काढलेला माणूस, त्यातली शेवटची चार फोटोच्या खात्यात. तोफांनी एक कान गेला होता. प्रदर्शनाचं ऐकून त्यानं आपली अंधारखोली मला आठ दिवस फुकट वापरायला दिली. दुकानामागची ती लहानशी खोली, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात टब, त्यात नळाची बारीक धार. लाल काचेचा एक कंदील. बाहेर भर दुपारचं ऊन असलं तरी आत कायमचा काळोख, आणि त्या काळोखाला फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा आंबूस वास.

पहिल्या दिवशी तो फोटो छापला तेव्हा सगळं ठीक होतं. तेरा बायका, मधली जागा, जागेतून दिसणारे भिंतीचे दगड. तारेवर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते, तर त्या जागेत करडा डाग उठला होता. उभट, माणसाच्या उंचीचा.

"हायपो कमी पडला, आक्का," केरबा म्हणाला. "धुवायला आळस केला तुमी. फिरून छापा."

मी ताजा हायपो कालवला. केरबा पुढं दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होता, त्याचा आवाज दारापलीकडून येत होता. मी कागद ताटात सोडला आणि ताट हळूहळू हलवत राहिले. छापताना आधी केस येतात, मग डोळे, मग पदरांचे काठ. एकेक करून तेराही जणी पाण्यातून वर आल्या. मधल्या जागेत भिंतीचे दगड उमटले. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात टबातला पाण्याचा आवाज थांबला.

नळ मी बंद केला नव्हता. हात ताटावरच होते. दुकानातलं बोलणंही ऐकू येईनासं झालं होतं. आणि कसला तरी वास आला... हायपोचा नाही. कोरडा, घशाला खवखवणारा. मी ताटाकडं पाहिलं. त्या जागेत, तळाशी, दोन पावलं उमटत होती. धुळीत रोवलेली, अनवाणी. मग लुगड्याचा घोळ आला. मग एक हात. तो हात काहीतरी घट्ट धरल्यासारखा वर गेलेला होता, पण मुठीत काही नव्हतं. मान आली. मानेच्या वर फक्त धूर.

माझ्या उजव्या खांद्याशी कुणीतरी उभं होतं. मी वळून पाहिलं नाही. ताटात काय चाललंय ते पाहायला माणूस वाकतं ना, तसं कुणीतरी वाकलं होतं, आणि त्या बाजूचा माझा गाल गार पडला होता. ओरडावं असं वाटलं, पण ओरडले नाही. मी जरासं डावीकडं सरकले. त्या अरुंद खोलीत तिला नीट दिसावं म्हणून जागा करून दिली. ते का केलं, मला आजही सांगता येत नाही.

मग नळाची धार पुन्हा सुरू झाली.

केरबानं दार वाजवलं आणि आत आला. उंबऱ्यावरच थबकला. नाक वर करून त्यानं वास घेतला.

"आक्का... हितं बार कुनी उडवला?"

"काय?"

"बारुदीचा वास हाय... ताजा."

मी कंदिलाखाली ताट सरकवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं. मग निगेटिव्ह घेऊन तो बाहेर दुकानात गेला, खिडकीशी उजेडाला धरून पाहिलं, परत आला. "हिच्यात कुनी न्हाई," तो हळूच म्हणाला. "जागा मोकळी हाय. मी लिबियात फोटू धुतल्यात, आक्का. मेलेल्यांचं बी. असलं न्हाई बगितलं. जाळून टाकू... आजून येळ हाय."

  मला मात्र रंगूबाईनं सांगितलेला फौजदाराचा तो कागद आठवत होता, ज्यात एकही बाई नव्हती.

"नाही जाळायचा," मी म्हटलं. "एवढ्या लांब आली आहे ती. भिंतीवर लागायलाच आली असेल."

केरबा कंदिलाकडं पाहत उभा राहिला. मग त्यानं बाह्या वर सारल्या. "मग मोटा काडू," तो म्हणाला. "हातभर."

मोंबाशाला नेण्याआधी प्रदर्शन साताऱ्यातच एका शाळेच्या हॉलमध्ये लावलं. सगळे मिळून एकेचाळीस फोटो. त्या फोटोखाली मी शाईनं नावं लिहिली, डावीकडून उजवीकडं. चौदा नावं. आठवं नाव मनूबाईचं.

माणदेशातल्या त्या तेराही जणी आल्या. अर्धी वाट पायी, अर्धी मोटारीनं. फोटोपुढं त्या निमूट उभ्या राहिल्या. तोवर चेहरा सोडून सगळं उमटलेलं होतं.

"पदर आसाच खोचायची," रंगूबाई म्हणाली.  भ्याली कुणीच नाही, हे मी नीट पाहिलं.

अकराच्या सुमारास फौजदार आला, बरोबर दोन शिपाई. परवानगीचा कागद बघायला, असं म्हणाला. कागद होता. मग हात मागं बांधून तो फोटो बघत चालला. मेंढरांचा कळप, गुऱ्हाळ, पेन्शनीत निघालेले सुभेदार. त्या फोटोपाशी आला आणि त्याची चाल थांबली. रंगूबाईनं माझं मनगट धरलं. तिचं बोट त्याच्याकडं वळलं, तेव्हा मला कळलं, कागद वाचून दाखवणारा तो हाच. बदली होऊन साताऱ्यात आलेला.

"ही कोण?" त्यानं विचारलं.

"कुठली?" मी म्हटलं.

"ही. मधली."

"सायेब," रंगूबाई मागून म्हणाली, "तुमाला मदी कोन दिसती?"

तो फोटोकडं आणखी वाकला.

"तुमच्या कागदात तर कुनी बाईच न्हवती."

त्याच्या मानेवर घाम आला होता. त्यानं खालची नावं वाचली, ओठ हलवत. आठव्या नावावर बोट ठेवलं. "हे खोडा."

"नाही खोडणार," मी म्हटलं.

"तुम्ही कुठल्या?"

"सांगलीची. राहते मोंबाशाला."

"मग सांगली संस्थानात जाऊन भरवा तुमचं प्रदर्शन. इथं हे चालणार नाही." आणि त्यानं तो फोटो खिळ्यावरून ओढून काढला. वरचा कोपरा भिंतीवरच राहिला. फोटो त्याच्या दोन हातांत होता, मी दोन पावलांवर होते, म्हणून मला दिसलं. धूर निवळला. चेहरा आला. तिशीची असेल ती. डोळे सरळ त्याच्यावर होते. त्यालाही ते दिसलं, कारण त्यानं घाईघाईनं फोटोची गुंडाळी केली, नुकताच वाळलेला कागद चरचरला.

तो वळला तेव्हा दारापुढं तेरा बायका ओळीनं उभ्या होत्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मध्ये एका माणसाची जागा.

"बाजूला व्हा," तो म्हणाला.

"जागा हाय की, सायेब," रंगूबाई म्हणाली. "जावा की तिथनं."

जागा होती. पैलवान गेला असता एवढी. तो तिथवर गेला. एक पाय उचलला. आणि तसाच उभा राहिला. शिपाई एकमेकांकडं पाहू लागले. हॉलमधली शंभरेक माणसं त्या पायाकडं पाहत होती. मग त्यानं पाय मागं घेतला, ओळीच्या टोकापर्यंत गेला, आणि भिंत आणि शेवटची बाई यांच्यामधून अंग चोरून, खांदा घासत बाहेर पडला.

निगेटिव्ह केरबानं पटक्याच्या घडीत ठेवली होती. त्या दिवशी त्यानं ती माझ्या हातात दिली आणि कोरेगाव स्टेशनापर्यंत स्वतः पोहोचवायला आला. मिरजेला गाडी बदलून मी सांगलीला उतरले. साताऱ्याच्या फौजदाराचा हुकूम संस्थानात चालत नव्हता. आता मामा काय म्हणतात एवढीच धास्ती होती.

तात्यासाहेबांनी सगळं ऐकलं. नव्यानं छापलेला फोटो चष्मा लावून पाहिला. त्यात ती पहिल्याच छपाईत पूर्ण आली होती, चेहऱ्यासकट. मामांना निगेटिव्हही दाखवली. त्यांनी ती उजेडाला धरली, खाली ठेवली, आणि बराच वेळ उपरण्यानं चष्मा पुसत बसले.

"वाचनालयाचा हॉल घे," ते शेवटी म्हणाले. "आणि हा आत नको लावू. दारात लाव. येणाऱ्यानं आधी हिला बघून आत यायचं."

पाच दिवस रीघ लागली होती. रंगूबाई आणि दोघीजणी माझ्याबरोबर राहिल्या. नावं वाचून कुणी विचारलं की त्या सांगायच्या, पहिल्यापासून, प्रत्येकाला.

पाचव्या दिवशी ऊन कलताना फौजदार आला. अंगावर धोतर आणि काळा कोट, दाढी वाढलेली. मी आधी ओळखलंच नाही. त्यानं काखेतून गुंडाळी काढली आणि माझ्यापुढं केली.

"हा तुमचा फोटो. कपाटात कुलूप लावून ठेवला होता. रोज बघायचो... होती. काल सकाळी उघडला तर..."

मी गुंडाळी उलगडली. कोपरा फाटलेला तोच फोटो. तेरा बायका, आणि मधली जागा मोकळी. भिंतीचे दगड स्वच्छ दिसत होते.

मी दाराकडं धावले. आमच्या फोटोतही ती नव्हती. काल सकाळपासून गर्दीत माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं.

"ती कुठं गेली, ते तुम्हाला माहीत असेल असं वाटलं," तो म्हणाला. बोलताना तो माझ्याकडं पाहत नव्हता. मध्येच डावीकडं पाहायचा आणि चटकन नजर काढून घ्यायचा.

माझी भीती त्या घटकेला कुठं गेली कुणास ठाऊक. "ते मला विचारू नका," मी म्हटलं. "तेव्हा तुम्ही तिला कुठं नेलंत, ते सांगा. या उभ्या आहेत समोर. यांना सांगा."

रंगूबाई जवळ येऊन उभी राहिली.  मग खाली मान घालून त्यानं एका ओढ्याचं नाव सांगितलं. कुठली बाभळ, रस्त्यापासून किती पावलं, सगळं. त्याला पावलंसुद्धा पाठ होती.

पुढच्या अमावास्येआधी बायकांनी ती जागा उकरली. हाडं मिळाली, कासाराकडच्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. त्यांनी स्वतः, बायकांनी, सरण रचलं. भटजी यायला तयार नव्हते, त्यांच्यावाचून अडलं नाही. मार्चच्या बोटीनं मी मोंबाशाला परतले. प्रदर्शन झालं. फोटोत ती जागा मोकळीच होती आणि खाली नावं चौदाच होती. तिथल्या लोकांनी विचारलं, मी सांगितलं. त्यानंतर त्या निगेटिव्हवरून मी कितीदा तरी फोटो छापला, ती पुन्हा आली नाही.

फौजदार सांगलीला आला त्याच संध्याकाळी मी रंगूबाईला म्हटलं होतं, "अहो, गेली की ती फोटोतून." तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. "भिंतीला टेकून किती दिस ऱ्हाईल?" ती म्हणाली. "तिची कामं आसत्याल."

पण मी सांगत होते ते त्या कलत्या उन्हाचं. ओढ्याचं नाव सांगून तो निघाला. आम्ही वाचनालयाच्या पायरीवर उभ्या होतो. समोर टांगा उभा होता. टांगेवाला उतारवयाचा, सांगलीचाच, त्याला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. फौजदार चढला आणि मागच्या बैठकीत अगदी कडेला बसला. सबंध बैठक मोकळी असताना एका मांडीवर, कोपर आवरून. टांगेवाल्यानं लगाम हातात घेतला, मान वळवून त्या मोकळ्या जागेकडं एकदा पाहिलं, आणि अदबीनं म्हणाला,

"बाई, दांडीला धरून बसा. म्होरं रस्ता खराब हाय."